धूर आणि पाऊस : तुमसरकडील छपरांचा इतिहास

भंडारा जिल्ह्याचें जें गॅझेटियर रसेल यांच्या संपादकत्वाखालीं १९०८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत तुमसरची ओळख धान्याची, विशेषतः तांदळाची मोठी पेठ म्हणून करून दिलेली आहे. आणि ती ओळख आजही खोटी ठरलेली नाहीं. पुढें चिखला व डोंगरी बुजरुक येथील मँगनीजच्या खाणींमुळें या तालुक्याचें नांव दूरदूरच्या बाजारांत गेलें. पेठ आणि खाण यांविषयीं लिहिणारांची वाण नाहीं. परंतु ज्या छपराखालीं हा तांदूळ सांठविला गेला व ज्याच्या आडोशास खाणींत राबणारा मनुष्य रात्रीं निजला, त्या छपराच्या इतिहासाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. किल्ले आणि देवळें टिकतात, म्हणून त्यांना इतिहास असतो; कौलारू छप्पर दरसाल मोडतें व दरसाल नीट होतें, म्हणून त्याला इतिहास नाहीं, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखांत असें दाखवावयाचें आहे कीं, छपराचा खरा इतिहास त्याच्या बांधणीचा नसून त्याच्या दुरुस्तीचा आहे. आणि त्या दुरुस्तीचें मर्म एका साध्या प्रश्नांत आहे. घरांतला धूर बाहेर जावा, पण बाहेरचा पाऊस आंत येऊं नये, हें कसें साधावें?

प्रथम पावसाची गोष्ट. कोंकणच्या मानानें तुमसरचा पाऊस थोडा. परंतु देशावरच्या मानानें तो पुष्कळच होय. वर्षाकाठीं सुमारें १३०० मिलिमीटर, म्हणजे जुन्या मापानें पन्नास इंचांवर पाणी येथें पडतें, व त्यांतील बहुतेक सारें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या पावसाची एक विशेष तऱ्हा आहे. बंगालच्या उपसागरांत उठलेले कमी दाबाचे पट्टे ओडिशा-छत्तीसगडावरून पश्चिमेकडे सरकूं लागले म्हणजे त्यांच्या वाटेवर असलेल्या या भागांत दोनदोन, तीनतीन दिवस झड लागते. पट्टा जसजसा पुढें जातो, तसतशी वाऱ्याची दिशाही फिरते. म्हणून पश्चिमेकडील पाखें नीट केलें म्हणजे झालें, असें येथें म्हणतां येत नाहीं. छपराच्या चारी अंगांची परीक्षा एकाच झडींत होते. धानाच्या बांधींना ही झड वरदानासारखी असते. परंतु घरांत ठेवलेलें वर्षाचें धान एकदां भिजलें, कीं त्यास मोड तरी येतात, नाहीं तर बुरशी तरी धरते. आणि मातीची भिंत माथ्याकडून पाणी प्याली, कीं ती खचावयास वेळ लागत नाहीं. सारांश, छपरांतून पडणारा थेंब ही येथें केवळ गैरसोय नव्हे; वर्षाच्या अन्नाशीं व डोक्यावरच्या आसऱ्याशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

हा प्रश्न आजचा नाहीं. पालि विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत भिक्षूंच्या निवासस्थानांविषयीं जे नियम आहेत, त्यांत छपरावर घालण्याच्या पांच वस्तु सांगितल्या आहेत : वीट अथवा कौल, दगड, चुना, गवत आणि पानें. त्याच ग्रंथांत जंताघर म्हणजे ऊन स्नानाची जी खोली, तिला ‘धूमनेत्त’, म्हणजे धूर बाहेर नेणारी वाट, ठेवण्याची अनुज्ञा दिलेली आहे. हा दाखला आपणांस अगदींच परका नाहीं. याच भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० च्या सुमारास जें उत्खनन झालें, त्यांत मोठा बौद्ध स्तूप उघडकीस आला. तेव्हां ज्या लोकांनीं हे नियम पाळले, त्यांची वस्ती या नदीच्या खोऱ्यांतही होती. नेवासें, तेर इत्यादि ठिकाणच्या सातवाहनकालीन थरांत पक्कीं भाजलेलीं कौलें सांपडलेलीं आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील तिसऱ्या अधिकरणांत तर शेजारशेजारच्या दोन घरांच्या वळचणींत किती अंतर असावें, याचाही विचार केलेला आहे. गळणारें छप्पर ही ज्याची त्याची खासगी बाब नसून शेजारधर्माची व न्यायाची बाब आहे, हें त्या काळच्या शास्त्यांनींही ओळखलें होतें.

आतां तुमसरच्या छपराकडे वळूं. या भागांत कौलास कवेलू म्हणतात. यंत्राचीं कौलें येण्यापूर्वीं गांवचा कुंभारच तीं करीत असे. चाकावर मातीची निमुळती नळी काढावयाची, ती ओली आहे तोंच तिला दोन्ही बाजूंनीं उभी चीर द्यावयाची, आणि वाळल्यावर तिचे दोन भाग करून भट्टींत भाजावयाचे, ही त्याची रीत. एका नळीचीं दोन कौलें होतात. प्रत्येकाचें एक तोंड रुंद, दुसरें अरुंद. छपरावर तीं दोन थरांनीं बसवितात. खालचा थर उताणा, म्हणजे पाणी वाहून नेणारी पन्हळ. वरचा थर पालथा, म्हणजे दोन पन्हळींमधील फटीवरचें झांकण. त्यांस खिळा नाहीं कीं चुना नाहीं. वळचणीपासून आढ्यापर्यंत तीं केवळ आपल्या वजनानें व एकमेकांच्या आधारानें बसलेलीं असतात. त्यांच्याखालीं बांबूच्या कामट्या, कामट्यांखालीं वासे, आणि वासे आढ्यावर व भिंतींवर टेकलेले. उतार फार दिला तर कौलें घसरतात; कमी दिला तर पाणी रेंगाळतें व उलटें आंत शिरतें. या दोहोंमधील उतार साधणें हेंच घर उभारणाराचें कौशल्य.

या छपराचा मोठा गुण असा कीं, त्याला धुराडें लागत नाहीं. हजारों कौलांमधल्या हजारों फटींतून चुलीचा धूर हळूहळू बाहेर झिरपतो. पावसानें उघडीप दिलेल्या सायंकाळीं अशा गांवाकडे दुरून पाहिलें, तर धूर एका ठिकाणाहून न निघतां सबंध छपरांतून उसासा टाकल्यासारखा निघत असलेला दिसतो. पाण्याला मात्र त्या फटी सांपडत नाहींत. धूर वर चढतो व पाणी खालीं उतरतें; आणि प्रत्येक फटीवर वरच्या कौलाचें तोंड पुढें आलेलें असतें. धुराला जी वाट उघडी, तीच पाण्याला बंद, ही युक्ति कोण्या एका मनुष्याची नव्हे. कित्येक पिढ्यांच्या कुंभारांनीं व घर शाकारणारांनीं ती हातांत मुरवून घेतलेली आहे.

शिवाय धूर हा या छपराचा रखवालदारही होता. बांबू पोखरणारे भुंगेरे आणि वाळवी यांना धुराची काजळी मानवत नाहीं. चुलीवरचे वासे काळेकुट्ट होत, पण टिकत; ज्या खोलींत चूल नसे, तिच्या छपराचा बांबू आधीं पोखरला जाई. परंतु या रखवालीची मजुरी कोणीं दिली, हें इतिहास लिहिणारानें विसरतां कामा नये. धूर फटींतून जातो हें खरें. पण जाण्यापूर्वीं तो खोलींत भरतो. चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीनें ती मजुरी आपल्या डोळ्यांनीं व आपल्या छातीनें दिली. घरांतील चुलीचा धूर हा श्वसनाच्या व हृदयाच्या विकारांचें एक मोठें कारण आहे, असें जागतिक आरोग्य संघटनेनें वारंवार सांगितलेलें आहे. जुन्या छपराचे गोडवे गातांना वासा टिकला एवढेंच सांगावयाचें आणि त्याच्याखालीं बसलेल्या गृहिणीचा खोकला वगळावयाचा, हा न्याय नव्हे.

या छपराला दरवर्षीं हात लावावा लागे, ही त्याची दुसरी खूण. उंदीर, मांजरें, वावटळ, आणि या भागांत विशेषेंकरून वानरें, यांच्यामुळें कौलें सरकतात व फुटतात. पन्हळींत पाला व धूळ साचून पाण्याची वाट तुंबते. म्हणून रोहिणी नक्षत्र लागून मृग जवळ आला, कीं कौलें फेरण्याचें काम निघे. फेरणारा गडी वाशाच्या वाटेनें पाऊल टाकीत वर जाई, एकेक पट्टा उकलून झाडून घेई, फुटकीं कौलें खालीं देई आणि वळचणीपासून आढ्याकडे पुन्हां मांडीत येई. मराठींत या कामास शाकारणी हा चांगला शब्द आहे. गवत घालावयाचें असो वा कौलें बसवावयाचीं असोत, नवें छप्पर करावयाचें असो वा जुनें नीट करावयाचें असो, शाकारणें हें एकच क्रियापद सर्वांस चालतें. भाषेनें बांधणी आणि दुरुस्ती यांत येथें भेद केला नाहीं, याचें कारण व्यवहारांतही तो नव्हता. छप्पर ही एकदां करून ठेवण्याची वस्तु नसून शेताप्रमाणें दरसाल करण्याची वस्तु आहे, ही समजूत त्या एका शब्दांत गोठून राहिली आहे.

या व्यवस्थेंत पहिला मोठा पालट आगगाडीनें केला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० ते १८८२ या काळांत खुली झाली. ती प्रथम मीटर मापाची होती. १८८७ सालीं स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें ती घेऊन रुंद मापाची केली. तुमसरचें मुख्य स्टेशन, तुमसर रोड, हें शहरापासून थोडें दूर देव्हाडीस आहे. याच मार्गानें तांदूळ बाहेर जाऊं लागला आणि बाहेरचा माल आंत येऊं लागला. त्या मालांत यंत्राचीं कौलें व लोखंडी पत्रे हेही होते.

मंगलोरी कौल हें नांवानें मंगळूरचें असलें, तरी त्याचा वंश युरोपांतला आहे. आल्सेस प्रांतांतील आल्टकिर्श येथील जिलार्दोनी बंधूंनीं १८४१ सालीं एकमेकांत अडकणाऱ्या कौलांचें पेटंट घेतलें. बाझेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळुरास जेप्पू येथें, नेत्रावतीच्या मातीवर, तशा कौलांचा कारखाना काढला. त्या नमुन्याचा पुढें देशभर प्रसार झाला. मध्यप्रांतांत जबलपूर येथें बर्न कंपनी व परफेक्ट पॉटरी यांच्या कारखान्यांतून कौलें निघूं लागलीं, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत गोंदियाहून जबलपुरास जाणारी अरुंद मापाची रेल्वे झाल्यावर तोही बाजार या भागास जवळ आला. नव्या कौलाचें सामर्थ्य त्याच्या खांचेंत होतें. शंभर चौरस फुटांस सुमारें दीडशें कौलें पुरत. वजन कमी, पाणी पक्कें अडे, आणि वानराच्या उडीनें तें सहज हालत नसे. परंतु जी खांच पाण्यास अडविते, ती धुरासही अडविते, हें पहिल्याच पावसाळ्यांत ध्यानांत येई. सबंध छपरानें श्वास घेणें थांबलें, म्हणून त्याला एक नाक काढून द्यावें लागलें. कारखाने कौलांबरोबरच हवेचीं कौलें, उजेडासाठीं काचेचीं कौलें व आढ्याचीं कौलें विकीत. ज्यांना तें परवडत नसे, ते चुलीवरचीं चार कौलें काढून तेथें पत्र्याचें वा विटांचें धुराडें उभारीत. धाब्याच्या घरांना धुरासाठीं व उजेडासाठीं ठेवीत त्या भोकास देशावर साणें म्हणतात; तेंच साणें आतां उतरत्या कौलारू छपरांत आलें. आणि छप्पर कोठें गळेल, याची जागाही त्याच दिवशीं नेमून गेली.

पत्र्याची कथा याहून वेगळी नाहीं. हेन्री पामर यांनीं १८२९ सालीं लंडनांत पन्हळी पत्र्याचें पेटंट घेतलें. १८३७ सालीं फ्रान्समध्यें सोरेल यांनीं लोखंडास जस्ताचा मुलामा देण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. आणि या दोहोंच्या संयोगानें आजचा पांढरा पत्रा निघाला. त्यास फट मुळींच नाहीं. तो कौलापेक्षां हलका, लावावयास सोपा व वानरांस दाद न देणारा. उन्हाळ्यांत तो तापतो, पावसांत कान बधिर करतो, हें लोकांनीं सोसलें. परंतु त्याला धुरासाठीं, वाफेसाठीं किंवा नळासाठीं जेथें छिद्र पाडावें लागतें, तेथें कौलाच्या छपरांतील कोणत्याही सांध्यापेक्षां अधिक नाजूक सांधा तयार होतो.

आतां गळतीच्या निदानाविषयीं. येथें वैद्याचीच रीत चालते : दुखतें तेथें रोग असतोच असें नाहीं. छपरांतून थेंब जेथें पडतो, तेथें भोक सहसा नसतें. आंत शिरलेलें पाणी वाशाच्या किंवा रिपेच्या खालच्या अंगास धरून उताराच्या दिशेनें वाहत जातें. वाटेंत एखादी गांठ, खिळा किंवा सांधा आडवा आला म्हणजे तेथें थबकून गळतें. म्हणून थेंबापासून निघून वाशावरचा ओला वा तांबूस डाग आढ्याच्या दिशेनें शोधीत गेलें पाहिजे. डागाचें वरचें टोंक सांपडलें म्हणजे रोगाचें मूळ त्याच्या जवळ, बहुधा त्याच्याही वर असतें. धुराडें असलेल्या घरांत हा शोध बहुतेक वेळां धुराड्याच्या वरच्या कडेपाशीं जाऊन थांबतो. कारण उघड आहे. आढ्याकडून येणारें पाणी धुराड्याच्या पाठीस अडतें, तेथें पाला सांचतो, पाला पाणी धरून ठेवतो, आणि सांचलेलें पाणी बारीकशा चिरेंतूनही वाट काढतें.

गळती केव्हां होते, हेंही तिच्या जागेइतकेंच बोलकें असतें. पहिल्या सरीबरोबर गळतें, तें फुटकें कौल किंवा उघडें भोक. वारा असतांनाच गळतें, तेथें कौलांचा चढ अपुरा, म्हणजे वरचें कौल खालच्यावर पुरेसें आलेलें नाहीं. वळचणीचें पाणी आढ्याला जात नाहीं, अशी म्हण आहे. परंतु दोन कौलांच्या मध्यें सांपडलेलें पाणी वाऱ्याच्या रेट्यानें बोटभर वर चढतेंच, आणि म्हणूनच चढ ठेवावा लागतो. झड लागून दुसऱ्या दिवशीं गळतें, तेथें कौल कच्चें भाजलेलें आहे, किंवा धुराड्याभोंवतीं लिंपलेली माती अगर चुना पाणी पिऊन तुडुंब झाला आहे. आणि पाऊस नसतांना, मार्गशीर्ष-पौषाच्या पहांटे, पत्र्याच्या धुराड्यांतून थेंब पडतात, ती मुळीं गळतीच नव्हे; चुलीवरची वाफ थंड पत्र्यास लागून तिचें पाणी झालेलें असतें. अशा ठिकाणीं बाहेरून कितीही लेप दिले तरी ते व्यर्थ होत. तेथें पत्र्यास आंतून अस्तर द्यावें, किंवा वाफेस मोकळी वाट करून द्यावी, हाच उपाय.

संशय राहिलाच तर त्याची परीक्षा कोरड्या दिवशीं दोन मनुष्यांनीं करावयाची असते. एकानें छपरावर तांब्यानें पाणी ओतावें, दुसऱ्यानें आंत दिवा व कोळसा घेऊन उभें राहावें. पाणी आरंभीं धुराड्याच्या खालच्या अंगास ओतावें, कांहीं वेळ थांबावें, मग दोन्ही बाजूंस, आणि सर्वांत शेवटीं वरच्या अंगास. आरंभींच वर ओतलें, तर तें सर्व सांध्यांवरून वाहून जातें व दोष कोणत्या सांध्याचा हें कळेनासें होतें. आंत थेंब दिसला कीं त्या जागीं कोळशाची खूण करावी. कित्येक लोक दारें लावून अंधार करतात व छपरांतून उजेडाचे कवडसे कोठें येतात तें पाहतात. ही रीत सोपी आहे, परंतु पुरी नव्हे. कौलारू छपरांतील पुष्कळ फटी उजेड देतात पण पाणी देत नाहींत. आणि कांहीं फटी वांकड्या वाटेनें पाणी देतात पण उजेड देत नाहींत.

दुरुस्तीचा नियम मात्र एकच आहे, आणि तो कुंभाराच्या कवेल्वापासून कारखान्याच्या पत्र्यापर्यंत कोठेंही बदललेला नाहीं : वरच्यानें खालच्यास झांकावें. धुराड्याच्या बुडाशीं पत्र्याची कॉलर घालतात. तिची वरची कड वरच्या कौलांच्या खालीं गेली पाहिजे, बाजूच्या कडा उभ्या मुडपून शेजारच्या कौलांखालीं घेतल्या पाहिजेत, आणि खालची कड मात्र खालच्या कौलांवर आली पाहिजे. पुष्कळ ठिकाणीं चारी कडा कौलांच्या वर ठेवून भोंवतीं सिमेंट थापतात. तें एक पावसाळा टिकतें. ऊन लागतांच पत्रा एका मानानें फुगतो, विटा दुसऱ्या मानानें, आणि खालचें लाकूड ओल घेतल्यावर तिसऱ्याच मानानें. या तिघांच्या ओढाताणींत सिमेंटास केसाएवढी चीर पडते, आणि पाण्यास तेवढी पुरते. धुराडें रुंद असेल तर त्याच्या पाठीस दोन उतारांचें लहानसें पाखें करून द्यावें, म्हणजे येणारें पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनीं निघून जातें व पाला सांचत नाहीं. पन्हळी पत्र्यावर खिळा नेहमीं पन्हळीच्या उंचवट्यावर मारावा, खोलगट भागांत कधींही मारूं नये. कारण पाणी वाहतें तें खोलगट भागांतून. धुराड्याच्या तोंडावर टोपी असावी, पण ती इतकी खालीं नसावी कीं धूर परतून घरांत येईल. यांत कोठेंही गूढ विद्या नाहीं. फक्त पाण्याच्या जागीं आपण असतों तर कोणत्या वाटेनें गेलों असतों, एवढा विचार करण्याची संवय पाहिजे.

ही संवय ज्यांच्या अंगीं होती, त्या माणसांचें काय झालें, हा या इतिहासाचा शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग होय. गेल्या कांहीं दशकांत कवेलू झपाट्यानें उतरत गेलें. त्याला कारणेंही तशींच बळकट आहेत. जंगलें विरळ होत गेलीं तसतशीं वानरें गांवांत अधिक येऊं लागलीं, आणि एका दुपारच्या त्यांच्या धांवपळीनें पंधरा दिवसांची मेहनत वायां जाऊं लागली. सागवान व बांबू महाग झाले. छपरावर हलक्या पावलानें चालणारा गडी मिळेनासा झाला. मग २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण अंगानें पक्क्या घरांस साहाय्य मिळूं लागलें, आणि त्याच वर्षीं उज्ज्वला योजनेनें गॅसची शेगडी गरिबांच्या स्वयंपाकघरांत आणली. चूल सर्वत्र विझली असें नव्हे. पण पुष्कळ घरांत धूर कमी झाला. ज्या स्त्रियांचे डोळे त्यामुळें निवले, त्यांच्यापुढें कवेल्वाच्या शोभेची कैफियत मांडण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

तथापि या पालटाचा एक परिणाम असा झाला, कीं जो कोणी योजिला नव्हता. जीं कौलारू घरें अजून उभीं आहेत, त्यांत धूर थांबल्यामुळें बांबूचा रखवालदार गेला. भुंगेरा कामट्या पोखरतो. पोखरलेली कामटी वांकते. ती वांकली कीं कौलांची रांग बसते, चढ कमी होतो, आणि पाणी उलटें शिरतें. घरधनी वर कौलें बदलतो, पण रोग खालच्या बांबूंत असतो. अशा घरांत नवीं कौलें चढविण्यापूर्वीं कामट्या ठोकून पाहाव्या व पोकळ वाजतील त्या काढून टाकाव्या. नव्या बांबूस बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांच्या पाण्यांत भिजवून मग घालावें. म्हणजे धुराचें जें काम होतें तें धुरावांचून, आणि कोणाच्या छातीस त्रास न होतां, पार पडतें. जुन्या रीतीचा गुण राखावयाचा आणि तिचा अन्याय टाळावयाचा, असा हा मार्ग आहे, व तो खर्चाच्या दृष्टीनेंही आवाक्याबाहेरचा नाहीं.

दुसरा परिणाम अधिक खोल आहे. सिमेंटच्या घराबरोबर अशी एक श्रद्धा आली कीं, हें छप्पर एकदां घातलें म्हणजे त्याकडे पुन्हां पाहावें लागत नाहीं. शाकारणी हा शब्द जसा मागें पडला, तशी मृगापूर्वीं वर चढून पाहण्याची रीतही मागें पडली. वस्तुस्थिति अशी आहे कीं, सिमेंटचा स्लॅबही गळतो, आणि तोही बहुधा तेथेंच गळतो, जेथें त्याला कोणी छेदलेलें असतें : शौचकूपाच्या हवेचा नळ जेथून वर जातो तेथें, पाण्याच्या टांकीचा नळ जेथून खालीं येतो तेथें, आणि विजेच्या तारेची नळी जेथें बसविली आहे तेथें. स्लॅबची गळती अधिक लबाड असते, कारण पाणी आंतल्या लोखंडी सळईच्या कडेनें लांबवर जाऊन दुसऱ्याच खोलींत प्रगट होतें. आणि सळई गंजून फुगली म्हणजे तिच्याखालचें सिमेंट पोपडे धरून पडतें. कवेलू फुटलें तर दुसरें बसवितां येत होतें. येथें दोष लक्षांत येईपर्यंत हाड सडलेलें असतें. ज्या छपरास दरवर्षीं हात लागे, त्याचा रोग दरवर्षीं उघड होई. ज्यास हात लागत नाहीं, त्याचा रोग निमूटपणें वाढतो.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, पत्रा टाकून पुन्हां गवताकडे जावें असें आमचें म्हणणें आहे. गवत, कवेलू, मंगलोरी कौल, पत्रा व स्लॅब अशा ज्या पायऱ्या तुमसरकडील छपरानें चढल्या, त्या प्रत्येकींत लोकांना कांहींतरी खरी सोय मिळाली. परंतु प्रत्येक पायरीवर एक वस्तु सुधारली, तेव्हां दुसरी एक संवय सुटली, हेंही तितकेंच खरें. इतिहासाच्या जमाखर्चांत दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. कुंभाराची भट्टी पुन्हां पेटणार नाहीं कदाचित्. परंतु रोहिणींत एक दिवस छपरावर चढावें, पाला झाडावा, प्रत्येक छिद्राभोंवतालची कड बोटानें तपासावी, आंत येऊन वाशांवर किंवा स्लॅबच्या पोटावर नवा डाग आहे काय तें पाहावें, एवढी शाकारणी सिमेंटच्या घरासही करतां येते. तुमसरच्या पेठेंत तांदळाच्या गोण्या जोंपर्यंत छपराखालीं ठेवल्या जात आहेत व पूर्वेकडून झड येत आहे, तोंपर्यंत या कामाचें प्रयोजन संपत नाहीं.